आज गुडघ्याला

अंबडला मी क्वालिटीत आहे.
दुपारी तीनपासून पिना मोजते,
केसाच्या दहाव्या हिश्शाने जाड निघाली तरी
लाल क्रेटमध्ये.
आणि रात्री सव्वानऊला, जेवणाच्या सुट्टीत,
कॅन्टीनच्या पत्र्याखाली
डब्याआधी मोबाईल उघडते
आणि बघते काय, तर एकशे चव्वेचाळीस.

हर्षाली पुण्यात असते, हॉस्टेलवर.
ठोकळ्यांचा गेम खेळते, लाइव्ह.
ठोकळ्यावर ठोकळा ठेवून
जूनपासून गोदाघाट बांधतेय.
पायऱ्या किती, ती विचारते,
मी रविवारी जाऊन मोजून येते.
बघणारे अकरा. त्यातली एक मी,
एक भुसावळचा फैजान. तो रोज लिहितो,
"ताई, पूल कधी?"

गंमत बघा, गेमही चौकोनांचा
आणि नेट पडलं की चित्रही चौकोनांचं.
कुठला चौकोन तिने ठेवला, कुठला टॉवरने,
बावीस वर्षं व्हर्नियर धरलेल्या बाईला
सांगता येत नाही.

आम्ही नाशिकची माणसं पूर फुटात मोजत नाही.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं,
कमरेला लागलं,
छातीला लागलं म्हणजे दुकानं आवरा.
नेटचंही तसंच.
ती विचारते, "कसं दिसतंय?"
मी म्हणते, "आज गुडघ्याला."
"चढेल गं."
चढत नाही.

परवा तिने मारुतीच उभा केला.
एक राखाडी धब्बा, त्याच्या पायाशी निळा धब्बा.
मी लिहिलं, "नदी मस्त झालीय गं."
तर चित्र थांबलं.
ते गोल फिरणारं चक्रही नाही, नुसतं थांबलं.
पंख्याच्या घरघरीत आवाज तर कधीच येत नाही.
म्हटलं, गेलं नेट.
अर्धी पोळी खाल्ली, मग सुरू झालं.

"असं नको बघूस आई," ती म्हणाली,
"डाउनलोड कर. हजार ऐंशी आहे.
माझ्याकडून सगळं निघतं,
तुझ्यापर्यंत पोचत नाही, एवढंच."
एवढंच.

साडेपाच जीबी.
अहिररावांच्या पोराने पासवर्ड दिला,
त्यांच्या भिंतीला टेकवून ठेवला मोबाईल,
तांदळाच्या डब्यावर, रात्रभर.
ब्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली.
दुसऱ्या रात्री पुन्हा शून्यापासून.

रविवारी उघडली.
घाट. पायरी न् पायरी, माझ्या मोजणीची.
देवळाच्या कडेला घंटा, तिच्यावर कबुतर.
नदी हिरवट होती
आणि बरीच पलीकडे.
मारुतीच्या पायाशी तो निळा धब्बा होता ना,
ती बाई होती.
दोन ठोकळ्यांची बाई, निळा एप्रन,
हातात काहीतरी करडं, आडवं.
कळायला वेळ लागला नाही ते काय आहे.

एकेचाळीस मिनिटं, बारा सेकंद.
बाजूला माझी ओळ येते: नदी मस्त झालीय गं.
हर्षालीचा बाण थांबतो,
बाईच्या डोक्यावर.
मागे पाणी हलतंय. ढग सरकतोय.
म्हणजे नेट होतं.
थांबली होती ती.
सव्वीस सेकंद. मी मोजले,
मोजायचाच पगार घेते.
मग म्हणते, "थँक यू आई. थोडी रुंद करते अजून."
आणि पलीकडे जाऊन
नदीत एक ठोकळा टाकते.

आज सव्वानऊ. पुन्हा गुडघ्याला.
फैजानचा पूल अजून व्हायचाय.
डबा बंदच ठेवलाय.
निळ्या धब्ब्यावर अंगठा ठेवून लिहिते,
"एप्रनला वर खिसा असतो. डावीकडे.
त्यात पेन."
पाठवते.
पुण्याला जाऊन यायला बारा सेकंद लागतात.

चित्र थांबतं.
नेट असेल.